घरात एलईडी दिव्याखाली लावलेल्या मिरचीची पानं पिवळी पडून ठिपके येताहेत, कोणतं खत देऊ?

कोणतंच देऊ नका. निदान पान उलटं करून बघेपर्यंत तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की कुंडीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आहे, वर जांभळा दिवा आहे, पानं पिवळी होऊन त्यावर ठिपके येताहेत आणि "मॅग्नेशियम कमी पडतंय असं सगळेच म्हणतात". या सगळ्यांत माझा मोठा भाऊ असणार याची मला खात्री आहे. पिवळं पान दिसलं की दादाच्या तोंडून मॅग्नेशियम सल्फेटच निघतं. झाड न बघता, फोटोवरून, आणि तेही जांभळ्या उजेडात काढलेल्या फोटोवरून. त्या उजेडात ठणठणीत झाडसुद्धा आजारी दिसतं.

एकदा कामासाठी मला बरेच दिवस बाहेर राहावं लागलं आणि माझ्या मिरच्या त्याच्या ताब्यात गेल्या. जाताना एकच सांगितलं होतं: कुंडी उचलून बघ, हलकी लागली तरच पाणी घाल, बाकी काही करू नकोस. काही दिवसांनी त्याचा फोन आला, "खालची पानं पिवळट दिसताहेत, मी थोडं मीठ दिलंय." मीठ म्हणजे तेच, मॅग्नेशियम सल्फेट. पुढच्या फोनला "फरक नाही, वाढवलंय". त्याच्या पुढच्या फोनला तर नुसत्या पाण्यात नाही, पानांवरही फवारणी चालू होती. मी फोनवर एवढंच विचारत राहिले, की पानाच्या मागे काय आहे? त्याचं उत्तर ठरलेलं, "मागे काय असणार, पानच आहे."

परत आले तेव्हा खालची पानं पीठ भुरभुरल्यासारखी बारीक फिकट ठिपक्यांनी भरली होती, काही तांबूस पडली होती. शेंड्याची नवी पानं अरुंद आणि वाकडी. कुंडीच्या काठावर पांढरी खपली. आणि दादा शेजारी उभा राहून म्हणतो, "बघ, अजून कमीच पडतंय."

एक पांढरा कागद घेतला, पानाखाली धरला आणि फांदीला टिचकी मारली. कागदावर बारीक कण पडले. त्यातले काही चालायला लागले. बोट फिरवलं तर कागदावर डाग उठले. कोळी! जाळं विणणारा घरातला मोठा कोळी नव्हे, झाडांवरचा बारीक कोळी, इंग्रजीत माइट. दिव्याखालची कोरडी, उबदार हवा त्याला फार मानवते. पूर्ण वाढलेला कोळी जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यामुळे उभ्याने बघणाऱ्याला तो दिसत नाही. तो पानाच्या मागे बसून पेशीतला रस शोषतो. प्रत्येक रिकाम्या जागी एक फिकट टिपका उरतो आणि असे हजारो टिपके झाले की लांबून पान "पिवळं" वाटतं. बारीक जाळं दिसायला लागतं तोवर फार उशीर झालेला असतो. तिशीच्या आसपास तापमान असेल तर अंड्यापासून पूर्ण कोळी व्हायला साधारण आठवडा पुरतो. म्हणजे दादा मिठाचं माप वाढवत होता तेव्हा मागच्या बाजूला पिढ्या वाढत होत्या.

वाकडी नवी पानं हे मात्र शुद्ध दादाचं कर्तृत्व. मुळांपाशी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पालाश (पोटॅशियम) यांची ओढाताण चालते. एकाचा भडिमार केला की दुसऱ्याला आत शिरायला वाव उरत नाही. कॅल्शियम एकदा जुन्या पानात गेलं की तिथून हलत नाही, म्हणून त्याची टंचाई शेंड्यावर दिसते. झाडाला आधी कसलीच कमतरता नव्हती, ती औषधाने आणली. कुंडीच्या तळातून निथळलेल्या पाण्याचा ईसी (पाण्यात विरघळलेले क्षार किती ते सांगणारं माप) मोजला तर वरून घालत होते त्याच्या दुपटीहून जास्त.

मग साधं पाणी भरपूर सोडून कुंड्या धुऊन काढल्या आणि नंतर पातळ, समतोल खत सुरू केलं. कोळ्यासाठी पानांच्या मागून पाण्याचा जोराचा फवारा मारला आणि दर चार-पाच दिवसांनी कडुनिंबाचं तेल. ते पुन्हापुन्हा मारावं लागतं, कारण अंडी एका फवाऱ्यात जात नाहीत. तेल दिवा बंद असतानाच मारा, नाहीतर पानं भाजतात. झाडं सावरली. दादा आजतागायत सांगतो की मी आधीपासून मीठ देत होतो म्हणून ती तग धरू शकली. यावर काय बोलणार?

आता तुमचं. पिवळेपणा झाडावर कुठून सुरू झाला ते तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि निम्मं निदान तिथेच असतं. नत्र आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून त्यांची कमतरता खालून वर चढते. नत्राचं पान सरसकट पिवळं होतं. मॅग्नेशियमचं शिरांच्या मध्ये पिवळं होतं, शिरा हिरव्या राहतात. हेच चित्र शेंड्याच्या कोवळ्या पानांत दिसलं तर ते लोह, आणि लोह बहुधा कुंडीत असतंच. जड पाण्यामुळे सामू (पीएच) ७ च्या वर गेला की ते मुळांना घेता येत नाही. कोकोपीटमध्ये सामू ५.८ ते ६.५ ठेवा, वरून लोह ओतत बसू नका. जुन्या पानांच्या कडा करपल्या तर पालाश कमी किंवा क्षार जास्त, यातलं कोणतं ते ईसी सांगेल. फक्त दिव्याच्या अगदी जवळची पानं फिकट पडत असतील तर दिवा वर घ्या. आणि कुंडी जड असूनही झाड मलूल असेल तर मुळं गुदमरताहेत. घरातल्या पिवळ्या पानांमागे मला सगळ्यात जास्त वेळा हेच सापडतं.

ठिपक्यांचंही तसंच. टाचणीएवढे फिकट टिपके म्हणजे आधी कोळी किंवा फुलकिडे बघा. मध्ये राखाडी आणि कडेला गडद असे गोल डाग बुरशीचे, पाण्याने भिजल्यासारखे दिसून मग काळपट होणारे जिवाणूंचे. या दोघांनाही पान ओलं लागतं. पाणी वरून न घालता बुडाशी घातलं तर घरात ते कमी दिसतात, पण बाहेरून आणलेल्या रोपाबरोबर किंवा बियाण्यातून येऊ शकतात.

एक राहिलं, आणि हे दादाला दाखवू नका. मॅग्नेशियमची खरी कमतरता असते. कोकोपीट, विशेषतः नीट प्रक्रिया न केलेलं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतं. तेव्हा खालची पानं, हिरव्या शिरा, मागे एकही किडा नाही आणि सामू ठीक, हे सगळं जुळलं तर लिटरभर पाण्याला एक ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट देऊन थांबा. आधीच पिवळं झालेलं पान हिरवं होईल म्हणून वाट बघू नका, नवी पानं कशी येताहेत ते बघा. कोळी हा कीटक नाही, त्यामुळे इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशकं त्यावर चालत नाहीत, उलट त्याने कोळी वाढल्याचं आढळलेलं आहे. मिरच्या खायच्या असतील तर तसंही ते नको. आणि शेंडा आवळून पानं चुरगळली असतील, पण साध्या भिंगाने काहीच सापडत नसेल, तर जास्त ताकदीचं भिंग आणा. पांढरा कोळी ही वेगळी जात, ती जेमतेम ०.२ मिलिमीटरची असते. पानावर हिरव्या-पिवळ्या रंगाचे चट्टे आणि बोकड्या (पानं आखडून मुरडणं) दोन्ही दिसलं तर विषाणू समजा आणि झाड काढून टाका, त्याला औषध नाही.

जांभळा दिवा बंद करा, साध्या उजेडात एका पानाच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, आणि ते पान खालचं आहे की शेंड्याचं ते लिहा. तोवर मिठाची पिशवी बांधून ठेवा.