वीस गुणांसाठी चौथी सॅट?

नोव्हेंबरचा पहिला आठवडा. मी परदेशी प्रवेशांची समुपदेशक. एक आई फाइल घेऊन माझ्याकडे आली, मागून मुलगा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) खुर्चीवर टेकायच्या आतच तो म्हणाला, "मॅडम, डिसेंबरची सॅट देऊ ना?"

अमेरिकेत इंजिनिअरिंग करायचं होतं. सॅट म्हणजे तिथल्या कॉलेजप्रवेशाची परीक्षा, इंग्रजी आणि गणित मिळून 1600 गुणांची. वहीच्या शेवटच्या पानावर तीन आकडे होते : मे 1470, ऑगस्ट 1510, ऑक्टोबर 1490. शेवटच्या आकड्याभोवती लाल पेनाने इतक्या वेळा गोल काढला होता की कागद फाटायला आला होता. शेजारी त्याच्या आवडत्या कॉलेजचे आकडे, 1520 ते 1570. "मी कटऑफच्या खाली आहे," तो म्हणाला.

हा शब्द मला दरवर्षी ऐकू येतो. अर्ध्या गुणाने प्रवेश हुकल्याच्या कहाण्या ऐकत वाढलेल्या मुलांना दोन आकडे दिसले की त्यातला खालचा कटऑफ वाटतो. तो कटऑफ नसतो. प्रवेश मिळालेल्यांपैकी मधल्या निम्म्या मुलांचे गुण त्या पट्टीत असतात. म्हणजे पाव मुलं त्या खालच्या आकड्याच्याही खालची, आणि तीही आत गेलेली. शिवाय सॅट ऐच्छिक असते तिथे कमी गुणवाले गुण कळवतच नाहीत, त्यामुळे पट्टी आहे त्यापेक्षा वर दिसते.

आई पटकन म्हणाल्या, "पण ऑक्टोबरमध्ये वीस कमी झाले, त्याचं काय?"

काही नाही. एकूण गुणांत साधारण 40 इकडेतिकडे होणं ही परीक्षेचीच मर्यादा आहे; गुणपत्रिकेवरही तसा पल्ला छापलेला असतो. 1510 आणि 1490 मध्ये मुलगा बदललेला नाही. उलट ऑक्टोबरमध्ये त्याचे इंग्रजीचे गुण 720 वरून 730 झाले होते. ऑगस्टमधले गणिताचे 790 आणि हे 730 धरले तर 1520. बरीच कॉलेजं असे प्रत्येक विभागातले सर्वोत्तम गुण एकत्र धरतात. हे घरात कुणीच जोडून पाहिलं नव्हतं.

1380 असते तर मीच म्हटलं असतं, बस परत. गुण बिनमहत्त्वाचे आहेत असं सांगणाऱ्या समुपदेशकांवर माझा विश्वास नाही. एमआयटीने 2022 मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली, 2024 मध्ये हार्वर्ड आणि डार्टमथनेही. अवघड गणित झेपेल का, हे एमआयटीला पाहायचं असतं. 790 मध्ये त्याचं उत्तर मिळालेलं असतं. त्यानंतरचे वीस गुण फारसं काही नवीन सांगत नाहीत.

मग यादी पाहिली. त्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाची बर्कली आणि लॉस एंजेलिस ही दोन कॅम्पस होती. कॅलिफोर्निया विद्यापीठ 2021 पासून प्रवेश ठरवताना सॅटचे गुण पाहतच नाही! तिथल्या अर्जाची मुदत नोव्हेंबरअखेर, आणि अर्जातल्या चार छोट्या प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर लिहून झालं नव्हतं. बाकी बहुतेक कॉलेजांचा 650 शब्दांपर्यंतचा मुख्य निबंध? "सॅट झाली की लिहिणार होतो."

खरी अडचण याहून वेगळी होती, आणि ती आईंनी अगदी हळू आवाजात सांगितली : पूर्ण फी परवडणार नाही. परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहता निर्णय घेणारी आणि गरजेइतकी मदत देणारी कॉलेजं हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी मोजकीच. बाकी बऱ्याच ठिकाणी मदत मागितली की त्याचा परिणाम निर्णयावर होऊ शकतो. वीस गुणांपेक्षा हे कितीतरी जड. तो सगळा तास आम्ही यादीवरच घालवला. चार नावं काढली, परदेशी मुलांना खरोखर मदत देणारी पाच घातली.

उठता उठता वही माझ्याकडेच उघडी राहिली. पुढच्या पानांवर वेळांचे रकाने होते. हे काय? तो ओशाळला. आजीचे गुडघे दुखतात, घर चौथ्या मजल्यावर. सकाळी लिफ्टसाठी किती थांबावं लागतं, हे त्याने दोन महिने लिहून ठेवलं होतं. रिकामी लिफ्ट तळमजल्याऐवजी चौथ्यावर थांबवली तर सकाळचा वेळ वाचेल, असं त्याने सोसायटीला सांगितलं. सेक्रेटरींनी लक्ष दिलं नाही. शेवटी लिफ्टच्या मेकॅनिकला आकडे दाखवले आणि त्याने सेटिंग बदलून दिलं.

"हे कुठे लिहिलंयस?"

"यात काय लिहायचं, मॅडम?"

डिसेंबरची परीक्षा त्याने दिली नाही. निबंधाचे सहा खर्डे झाले. पाचव्यापर्यंत त्यात 'जिद्द' हा शब्द होता, तो मी काढायला लावला.

मार्चमध्ये एमआयटीने नाही म्हटलं, आणखी तिघांनीही. नव्याने घातलेल्या पाचांपैकी एकाने मदतीसह हो म्हटलं. रात्री त्याचा मेसेज आला, "1550 असते तर?" मी कळवलं की नकार मिळालेल्यांत 1570 वालेही असतात, आणि तुझ्या बाबतीत काय झालं असतं ते कुणालाच सांगता येणार नाही. त्याने अंगठा पाठवला. खाली लगेच दुसरा प्रश्न, उरलेल्या रकमेसाठी शैक्षणिक कर्जाला कधी अर्ज करायचा?