वाचनालय लावू का?

प्रश्न : ठाण्यात नवीनच राहायला आलोय, वाचनालय लावायचंय पण कुठलं पुस्तक घ्यावं तेच सुचत नाही, सिनेमाचीही आवड आहे. उपयोग होईल का?

उत्तर : अहो, लावाच! ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय तर १८९३ सालचं आहे. थेट कपाटांकडे धावू नका, आधी काउंटरवर परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा चाळा, लोक खरंच काय वाचतायत ते तिथेच कळतं (बेस्टसेलरच्या याद्या मला तरी पटत नाहीत). सिनेमावाल्यांची आत्मचरित्रं मागा, एकेका पुस्तकातून बघायच्या दहा सिनेमांची नावं निघतात. व्याख्यान, अभिवाचन वगैरेसाठी नोटीस बोर्डवर नजर ठेवा, आणि दिवाळी अंकांची योजना असेल तर आधीच नाव द्या, नाहीतर नवे अंक थेट संक्रांतीला हातात पडतात.