फेम्टोसेकंद मोजतात तरी कसा?

प्रश्न : डोळ्यांच्या शस्त्रक्रियेविषयीच्या एका माहितीपत्रकात ‘फेम्टोसेकंद लेझर’ असा उल्लेख वाचला. फेम्टोसेकंद म्हणजे नेमका किती वेळ? इतका सूक्ष्म काळ कोणत्या घड्याळाने मोजतात आणि तो मोजून साधते काय?
– एक वाचक

उत्तर : सेकंदाचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोसेकंद, आणि नॅनोसेकंदाचाही दहा लाखावा भाग म्हणजे फेम्टोसेकंद. त्याचे सेकंदाशी जे प्रमाण आहे, तेच एका सेकंदाचे सुमारे ३ कोटी १७ लाख वर्षांशी आहे. अशा आकड्यांनी छाती दडपते, पण समज फारशी वाढत नाही. त्यापेक्षा प्रकाशाचा आधार घेणे बरे. सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावणारा प्रकाश एका फेम्टोसेकंदात जेमतेम ०.३ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या दोन-तीनशेव्या भागाइतकेच अंतर कापतो.

माहितीपत्रकातील शब्द लेझरच्या एकेका स्पंदाच्या कालावधीला उद्देशून आहे, शस्त्रक्रियेला लागणाऱ्या वेळाला नव्हे. स्पंद काहीशे फेम्टोसेकंदांचाच असल्यामुळे त्याची उष्णता आजूबाजूच्या ऊतींत पसरायला अवधीच मिळत नाही. पारपटलाच्या आत, जिथे किरण एकवटतो तिथेच, सूक्ष्म बुडबुडा तयार होतो आणि असे असंख्य बुडबुडे शेजारी-शेजारी आले की पातळ थर अलगद सुटा होतो. इतके आखूड आणि तरीही जोरकस स्पंद मिळवण्याची युक्ती डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी १९८५ मध्ये मांडली. स्पंद आधी काळात ताणायचा, मग त्याची शक्ती वाढवायची आणि शेवटी तो पुन्हा आक्रसून घ्यायचा, अशी ती युक्ती आहे. त्याबद्दल त्यांना २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

आता घड्याळाविषयी. फेम्टोसेकंद टिपू शकेल इतके चपळ इलेक्ट्रॉनिक उपकरण नाही, म्हणून येथे वेळ मोजला जातो तो अंतराने, आणि या विषयातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे. एका स्पंदाचे अर्धपारदर्शक आरशाने दोन भाग करतात. पहिला भाग सरळ जाऊन रेणूवर आदळतो आणि प्रक्रिया सुरू करून देतो. दुसरा भाग एका सरकत्या आरशावरून परतून, जरा लांबच्या वाटेने, तिथेच पोहोचतो आणि त्या क्षणी रेणू कोणत्या अवस्थेत आहे ते दाखवतो. आरसा ०.१५ मायक्रोमीटर मागे सरकवला की जाण्यायेण्याची वाट मिळून ०.३ मायक्रोमीटरने वाढते आणि दुसरा स्पंद बरोबर एक फेम्टोसेकंद उशिरा येतो. आरसा थोडाथोडा हलवून तोच प्रयोग पुनःपुन्हा केला, की घडणाऱ्या बदलाची चित्रे क्रमाने हाती लागतात.

अहमद झेवेल यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये याच पद्धतीने रासायनिक बंध तुटताना पाहिला. आयोडीन सायनाइडच्या रेणूतला बंध सुमारे २०० फेम्टोसेकंदांत तुटतो, हे त्यांच्या गटाने १९८७ मध्ये दाखवले, आणि १९९९ चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार त्यांना मिळाला. रसायनशास्त्राला नेमके हेच एकक का लागावे, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे : रेणूतले अणू साधारणपणे सेकंदाला १ किलोमीटर या वेगाने हलतात, आणि त्या वेगाने अणूच्या आकाराएवढे अंतर जायला सुमारे १०० फेम्टोसेकंद लागतात. तोपर्यंत रसायनशास्त्रज्ञांना अभिक्रियेपूर्वीचे आणि अभिक्रियेनंतरचे पदार्थ हाताळता येत. मधल्या स्थित्यंतराचा बव्हंशी तर्कच करावा लागे. आपल्या दृष्टीची सुरुवातही याच कालमानात होते. डोळ्याच्या दृष्टिपटलातील रेटिनल हा रेणू प्रकाश शोषल्यावर सुमारे २०० फेम्टोसेकंदांत आपला आकार बदलतो, आणि मेंदूपर्यंत जाणाऱ्या संदेशाची पहिली पायरी तीच असते.

इलेक्ट्रॉनांच्या हालचालींसाठी मात्र हे एककही मोठे पडते. दृश्य प्रकाशाच्या एका आंदोलनालाच सुमारे २ फेम्टोसेकंद लागत असल्यामुळे त्याहून बरेच आखूड स्पंद हवे असतील, तर कमी तरंगलांबीच्या, अतिनील किरणांकडे वळावे लागते. त्या वाटेने अॅटोसेकंदांचे, म्हणजे फेम्टोसेकंदाच्या हजाराव्या भागाच्या श्रेणीतले स्पंद घडवणारे पिएर अगोस्तिनी, फेरेन्स क्राउस आणि अॅन लुइलिए हे तिघे २०२३ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे मानकरी ठरले.