मीटिंग साडेदहाला कशी गेली?

प्रश्न : मी नाशिकला इंदिरानगरात घरूनच काम करते, टीम सॅन फ्रान्सिस्कोत. रात्री साडेनऊची मीटिंग नोव्हेंबरपासून एकदम साडेदहाला, घरात निजानीज झालेली, मी ओट्याशी माईक म्यूट करून बसते. काय करू?

उत्तर : अहो, मीटिंग नाही, तिकडचं घड्याळ हललं! नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते तासभर मागे घेतात, मग फरक साडेबाराचा साडेतेरा तास होतो, मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत पहिल्यासारखा. तोवर एक आठवडा मीटिंग तुमच्या रात्री, एक आठवडा तुमच्या सकाळी अशी आळीपाळी मागा, सरळ मागा, तुमच्या सकाळी साडेआठला तिकडे संध्याकाळचे सातच वाजलेले असतात. आणि चॅटवर नुसतं 'हाय' टाकून थांबू नका हो, काय अडलंय ते एरर मेसेजसकट तेव्हाच लिहा, नाहीतर एका 'हाय'पायी अख्खा दिवस जातो.