डब्यावरचा आकडा आणि काडीवरची खूण

गाडीच्या इंजिनचं ऑइल घरच्या घरी बदलणाऱ्यांचे प्रश्न बरेच दिवस साठले होते. या वेळी फक्त तेच घेतले आहेत. नावं गाळून गावं तेवढी ठेवली आहेत.

प्रश्न : माझी छोटी पेट्रोल गाडी आहे. पुस्तिकेत फिल्टरसह ३.१ लिटर लिहिलंय. साडेतीन लिटरचा कॅन आणला, मापाने बरोबर ३.१ ओतलं आणि लगेच डिपस्टिक (ऑइल मोजायची काडी) पाहिली, तर ऑइल मॅक्सच्या वर! म्हणून थोडं काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर निम्म्याच्याही खाली. कुठे चुकलं? (सांगली)

ओतण्यात नाही चुकलं, घाईत चुकलं. तुम्ही पाहिलंत तेव्हा नवा फिल्टर कोरडा होता. इंजिन एकदा चालू झालं की पंप आधी फिल्टर भरतो आणि छोट्या गाडीतही दोन-अडीचशे मिली ऑइल तिथे जाऊन बसतं. ते अजून चेंबरमध्येच, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यातच, असताना तुम्ही काडी बुडवलीत. जास्त दिसलं म्हणून काढलंत, मग फिल्टरने आपला वाटा घेतला. दोन्हीकडून वजाबाकी झाली.

पुस्तिकेतला आकडा खोटा नसतो, पण तो किती ऑइल विकत आणायचं यासाठी. किती भरायचं हे काडी सांगते. कारण जुनं ऑइल कधीच सगळं निघत नाही. गार इंजिनचं काढलं तर आत जास्त राहतं. गाडीचं तोंड रॅम्पवर चढवलेलं असेल आणि चेंबरचा, ऑइल काढायचा नट नेमका वरच्या बाजूला आला, तर खोलगट भागात आणखी थोडं साचून राहतं. त्यावर मापून ३.१ ओतलं की तेवढंच जास्त होणार.

माझी पद्धत सांगतो. गाडी पाच-दहा मिनिटं चालवून ऑइल कोमट करायचं, चटका बसेल इतकं गरम नको. नट काढून ठिबकणं जवळजवळ थांबेपर्यंत वाट पाहायची. चहा पिऊन यायला हरकत नाही. फिल्टर काढला की त्याची जुनी रबरी रिंग त्याच्याबरोबर आली का ते डोळ्यांनी बघायचं. ती इंजिनलाच चिकटून राहिली आणि वर नवा फिल्टर बसला, तर दोन रिंगांमधून ऑइल पिचकारीसारखं बाहेर येतं. नव्या रिंगेला बोटाने ऑइल लावायचं आणि फिल्टर हाताने आवळायचा. नटाला नवा वॉशर. मग ३.१ ऐवजी २.७ लिटरच ओतायचं. इंजिन मिनिटभर जागेवर चालू ठेवून खाली गळतंय का ते पाहायचं आणि बंद करायचं. दहा मिनिटांनी सपाट जागी काडी पाहायची आणि शंभर-शंभर मिलीने वर आणायचं. मिन आणि मॅक्सच्या मध्ये, वरच्या अर्ध्यात कुठेही आलं की थांबायचं. मॅक्सची रेघ ही हद्द आहे, तिला शिवायलाच पाहिजे असं नाही.

उरलेलं ऑइल झाकण घट्ट लावून डिकीत ठेवा. ‘कॅन फोडलाच आहे तर ओतून टाकू’ हा विचार फार महाग पडतो. माझ्या पहिल्या, चौथ्या हाताच्या गाडीत मी तेच केलं होतं. आठवडाभर सायलेन्सरमधून निळा धूर निघत होता आणि मी पेट्रोलपंपवाल्याला दोष देत होतो.

प्रश्न : काडी तीनदा पुसून तीनदा पाहिली तर तीन वेगळी उत्तरं येतात. एका बाजूला मॅक्स, दुसऱ्या बाजूला मध्य. कोणती खरी? (नाशिक)

खालची. काडीची नळी वाकडी असते. काडी बाहेर येताना नळीच्या भिंतीला लागलेलं ऑइल एका बाजूला पुसलं जातं आणि ती बाजू खोटी वर दिसते. दोन्ही बाजू पाहायच्या आणि जिथे सलग, सारखा थर संपतो ती पातळी धरायची. वरचे तुटक ओघळ मोजायचे नाहीत. सगळ्यात भरवशाचं मोजमाप सकाळचं, रात्रभर उभ्या गाडीचं. पहिल्यांदा काडी बाहेर काढून पुसा, नळी मोकळी राहू द्या, दोन मिनिटांनी पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग वाचा. काही कंपन्या गरम इंजिनवर पाहायला सांगतात. तुमच्या पुस्तिकेत तसं असेल तर तसं करा, पण दर वेळी एकच पद्धत ठेवा.

नवं ऑइल इतकं स्वच्छ असतं की काडीवर दिसतच नाही. काडी पांढऱ्या टिश्यूवर आडवी टेकवा. डाग जिथे संपतो तिथे पातळी. आणि सोसायटीच्या पार्किंगचा उतार तुम्हाला जाणवत नसला तरी चेंबरमधल्या ऑइलला जाणवतो.

प्रश्न : गॅरेजमधून ऑइल बदलून आणलं. घरी पाहिलं तर मॅक्सच्या आठ मिलिमीटर वर. मेकॅनिक म्हणतो, ‘जास्त असलेलं चांगलंच, इंजिन थंड राहतं.’ (सोलापूर)

हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतोय. आठ मिलिमीटर म्हणजे किती, याचा हिशेब घरी करता येतो. समजा तुमच्या काडीवर मिन ते मॅक्स अंतर २० मिलिमीटर आहे आणि तेवढ्यात एक लिटर मावतं. मग एक मिलिमीटर म्हणजे अंदाजे ५० मिली. आठ म्हणजे ४०० मिली जादा.

क्रँकशाफ्टची (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याची) वजनं चेंबरमधल्या ऑइलच्या थोडीच वरून फिरत असतात. पातळी वाढली की ती ऑइलला झोडपतात आणि ताक घुसळल्यासारखा फेस होतो. फेसात हवा असते. पंप तीच ओढतो, आणि बेअरिंगला ऑइलचा जो पातळ पडदा लागतो तो दुबळा होतो. म्हणजे जास्त ऑइल घालून आपण इंजिनला ऑइलच कमी पाडतो. शिवाय वाफेच्या नळीतून ऑइलचे तुषार हवेच्या वाटेत जातात, जळतात, निळा धूर येतो आणि कालांतराने धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. डिझेल इंजिनात तर याहून भयंकर घडू शकतं. स्वतःचं ऑइल इंधन म्हणून ओढायला लागलं तर किल्ली काढूनही ते इंजिन थांबत नाही, कारण त्याला ठिणगीची गरजच नसते.

एक-दोन मिलिमीटर वर असतं तर मी तुम्हाला झोपायला सांगितलं असतं. आठ असेल तर काढा. मेडिकलमधून ५० मिलीची मोठी सिरिंज आणि काडीच्या भोकात जाईल अशी बारीक नळी आणा, ऑइल कोमट असताना आठ वेळा ओढा. खालचा नट जरासा ढिला करून ‘थोडंसं’ काढायच्या भानगडीत पडू नका. तो थोडंसं कधी देत नाही, बाहीत सगळं देतो.

प्रश्न : यूट्यूबवर पाहून पहिल्यांदाच ऑइल बदललं. निघालेलं ऑइल मधासारखं पिवळं होतं, म्हणून वाटलं जुनं अजून चांगलंच होतं. नवं भरल्यावर काडी पार वरपर्यंत भिजलेली. गाडी कोपऱ्यापर्यंत नेली, धूर आला. (पिंपरी)

गाडी आहे तिथेच बंद ठेवा. तुम्ही इंजिनचं नाही, गिअरबॉक्सचं ऑइल काढलंय. आता इंजिनात दुप्पट आहे आणि गिअरबॉक्स जवळजवळ रिकामा.

लाजू नका, ही चूक जगभर होते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स शेजारी-शेजारी असतात आणि दोघांनाही खालून नट असतो. ओळखायच्या खुणा अशा : इंजिनचा चेंबर रुंद परातीसारखा, बऱ्याचदा पत्र्याचा, आणि फिल्टर सहसा त्याच्याच आसपास. गिअरबॉक्सची पेटी जाड ओतीव अॅल्युमिनियमची, कडांवर फासळ्या असलेली. ऑइलवरूनही कळतं. हजारो किलोमीटर चाललेलं इंजिन ऑइल मधाच्या रंगाचं राहत नाही, ते तपकिरी-काळं होतं. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो. ज्या क्षणी पिवळं निघालं त्या क्षणी पाना खाली ठेवायला हवा होता.

आता इंजिनचा नट उघडून सगळं काढा आणि वर सांगितल्याप्रमाणे पुन्हा भरा. फिल्टर बदलला नसेल तर तोही बदला. गिअरबॉक्समध्ये पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं गिअर ऑइलच घाला. मॅन्युअल गिअरबॉक्सला बहुधा काडी नसते, बाजूच्या भोकातून ओघळायला लागलं की भरलं. ऑटोमॅटिक असेल तर स्वतः हात लावू नका, उचलून गॅरेजला न्या. कोपऱ्यापर्यंतच्या अंतरात दातांना चिकटलेल्या ऑइलवर निभावलं असण्याची शक्यता बरीच आहे. पण नंतर वेगाप्रमाणे चढणारी घरघर ऐकू आली तर बेअरिंग तपासून घ्या.

प्रश्न : बीएस ६ डिझेल एसयूव्ही आहे, रोज ठाण्यातल्या ठाण्यात सात-आठ किलोमीटर. ऑइल कमी होण्याऐवजी दर महिन्याला काडीवर वरच सरकतंय. कुणी भरत नाही. (ठाणे)

भरतंय, तुमचं इंजिनच. बीएस ६ हे धुराचे कडक निकष लागू झाले तेव्हापासून, म्हणजे १ एप्रिल २०२० पासून, विकल्या गेलेल्या डिझेल गाड्यांमध्ये काजळी पकडणारा डीपीएफ सर्रास आला. तो भरला की गाडी स्वतःहून जादा डिझेल सोडून धुरांड्याची वाट सहाशे अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळते. बऱ्याच गाड्यांत हे डिझेल सिलिंडरमध्येच उशिरा फवारलं जातं. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत चेंबरमध्ये येतं. लांब प्रवासात काजळी जाळणं एका दमात पुरं होतं. तुमच्याकडे ते अर्ध्यात असतानाच तुम्ही ऑफिसला पोचता आणि किल्ली काढता. संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून. पेट्रोल निदान गरम इंजिनात उडून तरी जातं, डिझेल ऑइलमध्येच मुक्काम करतं.

इथे सिरिंजने काढून पातळी जुळवू नका. काडीवर मॅक्स दिसेल, पण आत पातळ झालेलं मिश्रण असेल. काडीचा वास घ्या, डिझेलचा वास येत असेल आणि पातळी मॅक्स ओलांडत असेल तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, किलोमीटर कितीही झालेले असोत. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी नाशिक महामार्गावर एका चालीने पळवा. डीपीएफचा दिवा लागला असेल तेव्हा तर घराकडे वळूच नका. ऑइल घेताना डीपीएफसाठीचं, कमी राख सोडणारं घ्या.

प्रश्न : पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली पांढरी सायीसारखी मळी दिसते. हेड गॅस्केट गेलं का? (रत्नागिरी)

काडी स्वच्छ असेल, कूलंटची पातळी जागेवर असेल आणि तुम्ही रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असाल तर नाही. ती साठलेली वाफ आहे. लांब चक्कर मारा, जाईल. काडीवरही तसंच दूधट दिसत असेल आणि कूलंट कमी होत असेल तर मात्र ते गॅस्केटमधून ऑइलमध्ये शिरत असण्याची शक्यता आहे, गाडी चालू करू नका.

प्रश्न : लाल दिवा लागत नाही तोवर पातळी ठीकच असणार ना? (अकोला)

नाही. बहुतेक गाड्यांत तो दिवा दाबाचा असतो, पातळीचा नाही. तो पेटतो तेव्हा बेअरिंगला ऑइल पोचणं आधीच अडखळलेलं असतं. दिवा दिसला की कडेला घेऊन लगेच इंजिन बंद करा. बाकी वेळी महिन्यातून एकदा बोनेट उघडा.

प्रश्न : इथे जुनी बीएमडब्ल्यू घेतली. तिला काडीच नाही! (म्युनिक)

तुमची पातळी पडद्यावर दिसते. गाडी सपाट जागी, इंजिन पूर्ण गरम आणि चालू ठेवून मोजणीचा पर्याय निवडायचा, मिनिटभर हात लावायचा नाही. ऑइल बदलल्यावर आधीचाच आकडा पाहून फसू नका, मोजणी नव्याने करायला लावा. तोवर पुस्तिकेतल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमीच भरा.

प्रश्न : जुनं ऑइल किती निघालं हे मोजण्यात काही अर्थ आहे का? आणि ते टाकायचं कुठे? आमच्याकडे कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून ओततात. (सातारा)

मोजा, जरूर मोजा. नट उघडण्यापूर्वी काडी वाचून वहीत लिहा, मग निघालेलं ऑइल रिकाम्या कॅनमध्ये भरून पाहा. मागच्या वेळी ३.१ घातलं आणि आता २.४ निघालं, तर आत राहिलेलं धरूनही गाडी थोडं ऑइल खातेय. पुढच्या खेपेपर्यंत मध्ये एकदा भरावं लागेल, हे आधीच कळतं.

कुंपणाला मात्र नको. त्यात जळके पदार्थ आणि धातूचे कण असतात, पावसाने ते विहिरीकडे जातात. वापरलेलं ऑइल कायद्यानेही घातक कचऱ्यात मोडतं. ज्या कॅनमधून नवं आलं त्यातच जुनं भरा, पाणी किंवा कूलंट मिसळू देऊ नका, आणि ओळखीच्या मोठ्या गॅरेजला द्या. त्यांच्याकडे ड्रम असतो आणि तो न्यायला परवानाधारक माणूस येतो. फिल्टर उलटा ठेवून रात्रभर निथळू द्या, त्यातूनही चांगलं वाटीभर निघतं.