लोहाची गोळी आणि चहाची वेळ

प्रश्न : सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या दोन महिने सकाळच्या चहाबरोबर घेतेय. हिमोग्लोबिन वाढत नाही, शौचाला काळं होतं. बंद करू का?

उत्तर : परस्पर बंद करू नका. अडचण बहुधा चहाची आहे. त्यातलं टॅनिन लोहाला बांधून ठेवतं, मग ते आतड्यात शोषलं जात नाही. गोळीच्या आधी एक आणि नंतर दोन तास चहा, कॉफी, दूध टाळा. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी घ्या. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घेतलीत तर चांगलं. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. शोषण थोडं घटतं, पण गोळी चुकण्यापेक्षा ते बरं. काळा रंग न शोषलेल्या लोहाचा. मात्र शौच डांबरासारखी चिकट असेल तर लगेच दाखवा. महिन्याने पुन्हा रक्त तपासा. तरीही आकडा हलला नाही, तर कुठे रक्तस्राव होतोय का, हे डॉक्टरांना नक्की विचारा.