स्कॉटलंडच्या मॅकग्रेगर कुळाचा माग काढायचाय?

राजघराण्याच्या नादाला लागू नका, हे आधी सांगतो. मॅकग्रेगरांचं मूळ थेट नवव्या शतकातल्या केनेथ मॅकअल्पिन राजाच्या भावापर्यंत नेणारे तक्ते देखणे असतात, पण पुराव्याच्या नावाने शून्य. चौदाव्या शतकातल्या, ग्लेनॉर्की खोऱ्यातल्या मॅकग्रेगरांपासून पुढे बोला.

खरी गोम १६०३ ची. ग्लेन फ्रुइन खोऱ्यात मॅकग्रेगरांनी कोल्हून कुळाच्या लोकांची कत्तल केली आणि राजा सहाव्या जेम्सच्या दरबाराने मॅकग्रेगर हे आडनाव लावणंच गुन्हा ठरवलं, तेही देहान्ताच्या धाकाने. पुढच्याच वर्षी त्यांचा प्रमुख अलास्टर एडिनबरात फासावर गेला. बंदी १६६१ मध्ये उठली, १६९३ मध्ये परत आली, कायमची गेली ती १७७४ मध्ये. मधल्या काळात माणसांनी ड्रमंड, मरे, ग्रँट अशी आडनावं घेतली. काहींनी तर हाडवैरी कॅम्पबेलांचंच नाव लावलं. मॅकग्रेगरांमधला सगळ्यात गाजलेला बंडखोर, खुद्द रॉब रॉयनेही! त्याची आई कॅम्पबेलच होती म्हणा. तेव्हा धागा तुटला की आडनाव सोडा, गाव धरा.

शोध आजपासून मागे न्या. स्कॉटलंडमध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंदणी १८५५ पासून आहे, आणि त्या पहिल्या वर्षाचे दाखले तपशिलाने गच्च भरलेले आहेत. त्याआधी चर्चच्या नोंदवह्या. तिथे बाईचं माहेरचं आडनाव बहुधा मिळतं, ते टिपून ठेवा. स्पेलिंगवरून मात्र वाद घालू नका. एकाच माणसाचं नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडेल.